उजवे वर्तुळ जमले, विथ गिअर पास

या आठवड्यात साताऱ्यात गिअरच्या मोटारसायकलची चाचणी मी उत्तीर्ण झाले आणि आठचा आकडा, म्हणजे जमिनीवर एकमेकांना लागून आखलेली डावी-उजवी दोन वर्तुळे, कोठेही पाय न टेकवता पूर्ण केला, ही बातमी आधी देते. मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे डावे वर्तुळ केव्हाच बसले होते. उजव्या वर्तुळात मात्र निम्म्यावर पोहोचताच गाडी हिसका देऊन फक्कीच्या (पांढऱ्या पुडीच्या) रेषेबाहेर जात असे. ‘तोल आहे, सरावाने येईल’ हा सल्ला अनेकांनी दिला, परंतु तो मला पटला नव्हता, कारण दोष तोलाचाच असता तर तो दोन्ही बाजूंना सारखाच दिसायला हवा होता.

म्हणून सराव थांबवून मी गाडीच तपासायला घेतली. स्प्लेंडर डबल स्टँडवर उभी केली, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवले आणि मुठीला हात न लावता हँडल एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे वळवले. उजवीकडे वळवताच इंजिनाचा आवाज स्पष्टपणे चढला. ॲक्सिलरेटरची केबल टाकीखाली आवळली गेली होती आणि हँडल वळले की ती आपोआप रेस वाढवत होती. एका गॅरेजने याच तक्रारीवर क्लचप्लेट बदलण्याचा खर्च सांगितला होता, दुसऱ्या मिस्त्रींनी केबलचा मार्ग सरळ करून मुठीला थोडी मोकळीक दिली आणि म्हणाले, “ताई, आता हँडल कुठंही फिरवा, आवाज बदलला तर पैसे देऊ नका.” आवाज बदलला नाही. जाता जाता त्यांच्याकडून क्लचच्या लिव्हरची मोकळीकही पाहून घेतली. ती टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर असावी, अन्यथा हाफ क्लच, म्हणजे अर्धवट दाबलेला क्लच, नेमका कोठे पकडतो याचा अंदाज बोटांना येत नाही.

हिसका कमी झाला, पण गेला नाही. उरलेला दोष उजव्या हाताचा निघाला. हँडल उजवीकडे वळले की उजवी मूठ पोटाकडे येते, कोपर दुमडते, मनगट खाली पडते आणि त्याबरोबर मूठ नकळत पिळली जाते. डाव्या वळणात हाच हात लांब होत असल्याने तेथे ही अडचण येत नाही. यावर लागू पडलेला उपाय असा, की वळणात शिरण्यापूर्वीच कोपर बाहेरच्या बाजूला उचलायचे, मूठ किंचित बाहेरच्या अंगाने पकडायची, रेस एका जागी स्थिर ठेवायची आणि वेग फक्त हाफ क्लचने व मागच्या ब्रेकने सांभाळायचा. पुढच्या ब्रेकवर बोटे ठेवायचीच नाहीत, कारण हँडल वळलेले असताना तो जरासा जरी दाबला गेला तरी गाडी आतल्या बाजूला कोसळते. ज्यांच्याकडे २०१९ नंतरची १२५ सीसीपर्यंतची कॉम्बी ब्रेकची गाडी आहे, त्यांनी पायाचा ब्रेकही अगदी हलकाच ठेवावा, कारण त्या पायाबरोबर पुढचा ब्रेकही काम करतो.

तिसरी गोष्ट भीतीची होती आणि तिलाही कारण होते. उजवा पाय ब्रेकवर गुंतलेला असल्याने गाडी उजवीकडे कलली तर टेकवायला पाय मोकळा नसतो. शरीराला हे कळते आणि ते बाहेरच्या बाजूला ताठ होते. त्यामुळे मी गाडी आत कलू देऊन स्वतः सीटवर बाहेरच्या बाजूला सरकण्याचा आणि नजर चाकापुढे न ठेवता आठच्या मधल्या छेदावर ठेवण्याचा सराव केला. एमआयडीसीतील एका मोकळ्या जागेत रविवारी सकाळी अडीच मीटर सुतळी खिळ्याला बांधून फक्कीने दोन वर्तुळे आखली होती. खडूपेक्षा फक्की कितीतरी चांगली. चाक रेषेवरून गेले की ठसा उमटतो आणि गाडी कोठे सुटली ते उतरून पाहता येते. ज्या सकाळी उजव्या वर्तुळाची रेषा अखंड राहिली, त्या सकाळी फोटो काढल्याशिवाय मी तेथून हलले नाही.

चाचणी त्यामानाने लवकर आटोपली. लर्निंग लायसन्सला ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही आणि लर्निंगची मुदत सहा महिन्यांची असते, हे सर्वांना ठाऊक आहेच. एलच्या पाटीबद्दल मात्र सांगते: नियमाप्रमाणे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षर आणि पाटी प्रत्येक बाजूने किमान १८ सेंटीमीटरची चौकोनी हवी, तर दुकानात मिळणारे बरेचसे स्टिकर त्याहून लहान असतात. मी पुठ्ठ्याची पाटी घरीच कापली. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का होता, हातांचे इशारे दाखवून झाले, आणि निरीक्षकांनी “सावकाश करा, घाई नाही” एवढेच सांगितले. रांगेत माझ्यापुढे असलेल्या एका मुलाचा पाय नेमका उजव्या वर्तुळातच टेकला. त्याला आता सात दिवसांनंतर पुन्हा यावे लागेल. निघताना मी त्याला हँडल वळवून आवाज ऐकायला सांगितले आहे.

यापुढे थेट बुलेट घ्यायची, असे मी ठरवले होते. तथापि हे लिहिताना दोन्ही गाड्यांचे आकडे शेजारी मांडले, तेव्हा तो बेत डळमळला. स्प्लेंडरच्या दोन चाकांमधील अंतर १२३६ मिलिमीटर आणि वजन ११२ किलो. नव्या बुलेटचे अंतर १३९० मिलिमीटर आणि वजन १९५ किलो. याच फक्कीच्या वर्तुळात ती गाडी वळवणे हा अगदी वेगळा अभ्यास ठरेल. शिवाय उतारावर पटकन खालचा गिअर टाकता आला पाहिजे, हेही चाचणीच्या नियमांत लिहिलेले असले, तरी सपाट मैदानावर ते कोणी पाहत नाही आणि मला ते अजून नीट येत नाही. तेव्हा खरेदी लांबणीवर टाकून आधी यवतेश्वरचा घाट स्प्लेंडरवरच उतरायचा, तोही कासला जाणाऱ्यांची गर्दी सुरू होण्यापूर्वी, पहाटे. वळणाच्या आधी तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना मागचे चाक क्षणभर अडखळते. क्लच सोडण्यापूर्वी रेस किती द्यावी, हे ज्यांच्या हातात बसले आहे त्यांनी सविस्तर कळवावे. एलची पाटी काढली आहे, पक्के कार्ड पोस्टाने यायचे आहे.