मागीलदारचा कोबा

२४ मे

गवंडी आज फिरकला नाही. भाचीचं लग्न, कारण पक्कं. बाबा मात्र सकाळपासून आभाळाकडे बघत येरझाऱ्या घालतायत. उद्या रोहिणी लागणार, ७ जूनच्या सुमारास मृग. त्याआत मोरीपासून केळीपर्यंतचा कोबा आणि सांडपाणी मुरवायचा शोषखड्डा व्हायला हवा, नाहीतर पावसात मागीलदारी चिखलच चिखल.

मोरीजवळचा अर्धा कोबा घालून झालाय. "वाळला की घट्ट होईल" असं बाबांचं म्हणणं, आणि खरंतर घराघरात हेच चालतं. पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी क्रिया होऊन होतं. पाणी उडालं की काम तिथंच थांबतं आणि वरचा थर भुकटी होऊन निघतो. आमच्या पोत्यात राख मिसळलेलं सिमेंट आहे, ते ताकद धरायला जरा जास्त वेळ घेतं. म्हणजे १० दिवस तरी ओलं ठेवायचं, आणि या उन्हात त्याहून जास्त. म्हणून गोणपाटं भिजवून पसरलीयत.

यावर आईचा रास्त सवाल: विहिरीनं तळ गाठलाय, पोफळी माना टाकतायत, आणि तुम्ही पाणी जमिनीवर ओतताय? मग असं ठरलं की आंघोळीचं पाणी पोफळींना आणि विहिरीचं कोब्याला. ठरलं म्हणजे काय, दोघं एकमेकांशी न बोलता तसं करू लागले.

शोषखड्ड्यावरून मात्र चांगलंच पेटलं होतं. दादा पुण्याहून फोनवर डासांवर भाषण देत होता, शोषखड्डे करून डास हटवणाऱ्या नांदेडकडच्या टेंभुर्णी गावाचा दाखला देत होता. आईचं एकच, "पाणी साचतंय कुठे? माझं अळू पितं ना." बाबांची काळजी वेगळी. जांभ्यातून पाणी झरझर मुरतं, खड्डा विहिरीपासून ५० फूट तरी लांब हवा. तिघांचंही बरोबर होतं, हाच खरा वैताग. अळूला पाणी आधी द्यावं, उरेल ते केळीपलीकडच्या खड्ड्यात जावं, हे मला पहिल्याच संध्याकाळी सुचलं होतं. पण माझ्या तोंडून आलं असतं तर "हिला काय कळतंय" म्हणून संपलं असतं. गप्प राहिले. शेवटी काल भाकऱ्या थापता थापता आईच म्हणाली, "आधी अळवाकडून वळवा, मग न्या कुठे न्यायचं ते." बाबांनी लगेच मान डोलावली. दादाला वाटतंय त्याचंच ऐकलं. वाटू दे.

आता आईला कपडे धुवायचा दगड फिरवून हवाय, सकाळचं ऊन डोळ्यावर येतं म्हणून. तसं केलं तर कोब्याचा उतार पुन्हा आखायला लागेल. "गवंड्याला विचारू," एवढंच म्हटलंय.

गोणपाटं सुकली असणार. उठते.