पाटीचा भाव भोकं मोजून

दारावर लावायच्या नावाच्या लाकडी पाट्या मी स्क्रोल सॉ मशीनवर कापून देते. आधीच सांगते, माझ्याकडे पाटीचा भाव इंचावर नाहीये. किती बाय किती हे मी विचारते, पण ते लाकूड किती लागेल याचा अंदाज यावा म्हणून. भाव ठरतो तो पाटीत आतून भोकं किती पाडावी लागणार त्यावर. आता व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी विचारतं "ताई, १२ इंची पाटी केवढ्याला?" आणि मी लगेच उलटं विचारते की आडनाव काय, तर समोरच्याला वाटतं ही बाई जात बघतेय. बाई फक्त भोकं मोजतेय हो. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

स्क्रोल सॉ ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी, दिसायला हे मशीन साधारण शिलाई मशीनसारखं असतं, सुईच्या जागी पाच इंच लांबीचं बारीक करवतीचं ब्लेड, वरून आणि खालून चिमट्यात ताणून धरलेलं. स्पीड कमी-जास्त करता येतो, साधारण मिनिटाला ४०० ते १६०० वेळा ते खालीवर होतं आणि आपण लाकूड हाताने फिरवत राहायचं. बाहेरची कडा कापायची असेल तर मजाच आहे, एका बाजूने घुसलं की सरळ फिरून दुसरीकडून बाहेर. पण अक्षराच्या पोटातली जागा, म्हणजे प च्या आतली किंवा व च्या आतली, ती कापायला बाहेरून रस्ताच नसतो. तिथे आधी ड्रिलने बारीक भोक पाडायचं, मग मशीन बंद, ब्लेड वरून सोडवायचं, लाकूड त्याच्यावर ओवायचं, परत वर अडकवायचं, ताण द्यायचा, बोटाने छेडून आवाज बघायचा (नीट ताणलेलं ब्लेड टणत्कार करतं, ढिलं असेल तर नुसतं थडथडतं), आणि मग कुठे तो इवलासा तुकडा कापायचा. तो कापायला वीस सेकंद आणि ओवाओवीला दीड मिनिट. पुढच्या भोकाला पुन्हा तेच सगळं.

तर ६ एमएम प्लायची साधी १२ इंची पाटी मी ३५० धरते आणि वर प्रत्येक भोकाचे ३०. पाटील म्हटलं की प चं एक आणि वेलांटीच्या खालचं एक, झाले ४१०. कुलकर्णींना दोन क, एक ण आणि वेलांटी, म्हणजे चार भोकं, ४७०. गोखले एका ख वर सुटतात. फॉन्ट बदलला की हिशोब थोडा इकडेतिकडे होतो, पण साधारण असंच. आणि पाटीभोवती वेलबुट्टीची जाळी हवी असेल तर मी आधीच हात जोडते, कारण जाळीत सहज ५०-६० भोकं निघतात आणि मग आडनावापेक्षा वेलच महाग पडते. अशी जाळी खरंच हवी असेल तर लेझर कटिंगवाल्याकडे जा. हे मनापासून सांगतेय, टोमणा नाही. लेझरला भोकाचं काही वाटत नाही, पातळ एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) तो शंभर भोकं चहा होईपर्यंत पाडून देईल. कडा काळ्या होतात आणि काही दिवस जळका वास येतो एवढंच. महाराष्ट्रात २०१८ ला थर्मोकोलवर बंदी आली तेव्हापासून गणपतीच्या मखरांचं बरंचसं काम लेझरकडेच गेलंय आणि ते बरोबरही आहे, एवढी मखरं हाताने कापायची तर माणूस पुढच्या गणपतीपर्यंत उठायचा नाही.

पण जाड लाकडात माझं मशीन जिंकतं. १८ एमएम सागवानात छोटं लेझर नुसता धूर करतं, आणि इथे ५ नंबरचं ब्लेड लावलं की कड अशी स्वच्छ येते की पॉलिश पेपर फिरवायलाही फारसा लागत नाही.

आता देवनागरीबद्दल, कारण माझ्या मते स्क्रोल सॉ ला देवनागरीइतकी सोयीची लिपी नाही. इंग्रजीत नाव कापा, प्रत्येक अक्षर सुटं होऊन हातात येतं, मग ते एका रेषेत चिकटवत बसा. आपल्याकडे शिरोरेघ आहे! अख्खं आडनाव एका दांडीला लटकलेलं, कापलं की एकसंध एक तुकडा. त्रास देतो तो अनुस्वार. देशपांडे, शिंदे, बंडगर, सगळ्यांचा टिंब हवेत तरंगतो. त्यावर उपाय दोनच, एक तर मागे फळी द्यायची आणि टिंब त्यावर फेविकॉलने बसवायचा, नाहीतर टिंब थोडा खाली ओढून शिरोरेघेला टेकवायचा. मला दुसरं आवडतं, लांबून कोणाला कळत नाही. आणि कुलकर्णीतला रफार आणि वेलांटी एकमेकांच्या गळ्यात पडतात तिथे मी दोघांना सरळ जोडून टाकते, तेवढीच मजबुती.

मजबुतीवरून आठवलं. लोकांना एकसंध सागवान हवं असतं आणि अक्षरंही नाजूक हवी असतात, हे दोन्ही एकत्र अवघड आहे. शिरोरेघ आडवी म्हणून लाकडाचं ग्रेन (तंतूंची दिशा) आडवं घेतलं की शिरोरेघ पक्की होते, पण काना आणि सगळे उभे दांडे ग्रेनला आडवे जातात आणि फडक्याने पुसताना टचकन मोडू शकतात. प्लायमध्ये थर आलटून पालटून उभे-आडवे असतात त्यामुळे ही भानगड नाही. म्हणून पातळ अक्षरं प्लायमध्ये, सागवान हवंच असेल तर अक्षरं जाड घ्या. प्लाय "स्वस्त" म्हणून नाक मुरडू नका प्लीज.

फॉन्टबद्दल एक चीडही नोंदवून ठेवते. नेटवरचे कितीतरी फॉन्ट हिंदी वळणाचे असतात, त्यात ल ला दांडी आणि श ला गाठ. आपला ल पाकळीचा, श देठाचा. शासनानेही २०२२ मध्ये जीआर काढून हेच सांगितलंय. कॉम्प्युटरवर ते कोणाच्या लक्षात येत नाही, पण लाकडात कापून दारावर लागलं की सासरेबुवा पहिल्या दिवशी विचारतात "हा कुठला ल?" त्यामुळे ल आणि श मी हातानेच काढते, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

लाकूड पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणते, तिथे तुकड्यांचा ढीग असतो त्यात उकरायची तयारी पाहिजे आणि शेठशी हुज्जत घालायचीही. जुने वाडे पाडतात तिथलं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं, रंग असा मुरलेला असतो की पॉलिश करावंसंच वाटत नाही. पण आत खिळे असतात, लोहचुंबक फिरवल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही. आणि सागवानात सिलिका असते, ते ब्लेडची धार बघता बघता खातं, म्हणून सागाच्या पाटीत ब्लेडचा खर्च वेगळा धरलेला असतो. साध्या टोकाची (टोकाला पिन नसलेली) बारीक ब्लेडं हार्डवेअरच्या दुकानात सहसा नसतात, मी ऑनलाइन मागवते. अगदीच अडलं तर रविवार पेठेत सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात करवतीची ब्लेडं मिळतात, लांबी तीच असते, दात फार बारीक, लाकडात रखडतं पण पितळेची पट्टी कापायला एक नंबर.

नवीन मशीन घेणाऱ्यांचे मेसेज येतात की कट सरळ जातच नाही, मशीन फॉल्टी आहे का. बहुतेक वेळा नसतं. ब्लेड तयार होताना त्याच्या एका बाजूला बारीकशी कोर राहते त्यामुळे ते एका अंगाला, बहुतेक उजवीकडे, ओढतं. लाकूडच जरा तिरकं धरून ढकलायचं, आठवड्याभरात हाताला कळतं. आणि मास्क लावा. बाल्कनीत बसून कापत असलात तरी लावा. लाकडाचा बारीक भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे तंबाखूच्या रांगेत, आणि एमडीएफमध्ये वर फॉर्मल्डिहाइड. ओढणी बांधून चालत नाही, एन ९५ घ्या.

खेळणी का विकत नाही हेही सारखं विचारलं जातं, मी कापलेलं हत्तीचं पझल बघून तर फारच. भाच्यांना देते, विकत नाही. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो, सरकारकडे नोंदणी केलेल्या हस्तकला कारागिरांना त्यात सूट आहे. माझी ती नोंदणी नाही आणि नोकरी सांभाळून एवढ्यात करायचा विचारही नाही. शिवाय छोटा तुकडा कोणाच्या बाळाने तोंडात घातला तर, हा विचार झोपू देत नाही.

"पुणेरी पाटी" लाकडात कापून द्या म्हणणाऱ्यांना मात्र खास सवलत आहे, मी त्यांना रंगवून देते. १ ते ४ बेल वाजवू नये वगैरे अख्खं वाक्य कापायचं तर भोकांचा हिशोब करून तुम्हीच बेल वाजवायचे थांबाल.

खरंच स्वस्तात हवी असेल तर एक रस्ता आहे. प्लायचे तीन-चार सारखे तुकडे एकावर एक ठेवून बाजूने चिकटपट्टीने घट्ट बांधले की एकाच वेळी कापता येतात, भोक पाडणं एकदा, ओवणं एकदा, पाट्या चार. खालच्या पाटीची कडा फुटू नये म्हणून उलट्या दातांचं ब्लेड लावायचं, झालं. अट एवढीच की चारही पाट्यांवर आडनाव एकच हवं. वाडा पाडून बिल्डिंग झाली आणि चार भावांना एकेक फ्लॅट आला, ही माझी सगळ्यात आवडती गिऱ्हाइकं, त्यांना भोकाचे पैसे एकाच पाटीचे आणि बाकी तिघांना फक्त लाकूड आणि पॉलिश. फॉन्ट तेवढा चौघांनी आपापसात ठरवायचा आणि ठरला की एकानेच मेसेज करायचा, चौघांनी वेगवेगळा नाही.