गाडीच्या रेडिएटरचा फॅन फिरत नाही? मोटर बदलायच्या आधी सर्किट तपासा

पुणे-बेंगळूर हायवेला गाडी ८० ने चालली आहे तोवर टेंपरेचरचा काटा मध्यावर. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर पाच मिनिटं थांबली, किंवा गळीत हंगामात चिकोडी रोडला उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगली, की काटा वर. हे लक्षण फॅनचं. वेगात रेडिएटरला समोरचा वारा मिळतो, थांबल्यावर तो फॅननंच ओढायचा असतो. उलट हायवेला किंवा चोर्ला घाटाच्या चढाला गरम होत असेल, तर आधी कूलंट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि चोकअप झालेला रेडिएटर बघा. तिथं वायरिंग उसकटून काही हाती लागत नाही.

सुरुवात फुकटच्या तपासणीनं करा. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरतो. फिरला तर मोटर, रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज आणि अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह लाइन) बहुधा ठीक आहेत; संशय कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर किंवा कूलंटच्या पातळीवर. (दोन फॅन असतील तर नेमका कुठला फिरतोय ते बघा, एसीच्या कंडेन्सरचा वेगळा असू शकतो.) कूलंटची पातळी खाली गेली की सेन्सरचं टोक पाण्याऐवजी हवेत राहतं. इंजिन उकळतंय, पण सेन्सरला ते कळतच नाही, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) फॅन लावत नाही. म्हणून पातळी आधी बघा, तीही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

एसी लावूनही फॅन ढिम्म असेल तर फ्यूज बॉक्सकडे वळा. फॅनचा फ्यूज साधारण ३० किंवा ४० अँपिअरचा. नुसतं डोळ्यांनी बघून सोडू नका, मल्टिमीटरनं दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट येतात का बघा. फ्यूज शाबूत, पण त्याचा पाय आणि बॉक्सचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं, असंही पुष्कळदा दिसतं. नवा फ्यूज लगेच उडाला तर ४० चा काढून ६० चा घालणं हा इलाज नाही. बेअरिंग जाम झालेली मोटर जादा करंट ओढते, किंवा वायर कुठंतरी घासून बॉडीला लागलेली असते.

मग रिले. चावी बंद करून रिले उपसा. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना, त्यांच्यात ७० ते १०० ओहमच्या आसपास रीडिंग यावं. ३० आणि ८७ हे मुख्य पॉइंट. काही रिलेंवर आकडे वेगळे असतात, तेव्हा अंगावर छापलेली आकृती बघा. आता सॉकेटमध्ये ३० ला १२ व्होल्ट आहेत याची खात्री करा आणि मधे ३० अँपिअरचा फ्यूज घातलेल्या अडीच एमएमच्या वायरनं ३० आणि ८७ जोडा. फॅन फिरला तर पुढची लाइन चांगली, दोष रिलेत किंवा त्याला मिळणाऱ्या हुकमात. चुकून कॉइलच्या पिनेत १२ व्होल्ट घातले तर ईसीयूला दणका बसू शकतो, म्हणून पिना दोनदा मोजा. हात आणि शर्टाची बाही पात्यांपासून लांब. काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन सुरू होतो.

जोडूनही फिरत नसेल तर मोटरचा कपलर (वायरींचा प्लग) काढा. इथंच बरेच जण फसतात. मीटर १२ व्होल्ट दाखवतो, मेस्त्री म्हणतो ‘सप्लाय आहे की, मोटर गेली’. पण वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ च दाखवणार. कपलरला २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावून बघा. तो मंद पेटला तर सप्लाय नावापुरताच आहे. फॅन हळू फिरत असेल तर तो चालू असताना मोटरच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा: ०.२ च्या वर नको. पॉझिटिव्ह बाजूला ०.५ पर्यंत चालेल. कपलरमध्ये फक्त ०.१ ओहम अडथळा आणि १२ अँपिअर करंट धरला, तरी १.२ व्होल्ट तिथंच जातात आणि १४ वॉटची उष्णता त्या एका पिनेत तयार होते. कपलर वितळतो तो असा. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात राहणाऱ्या गाड्यांच्या अर्थ पॉइंटवर हिरवा थर हमखास सापडतो. बोल्ट काढा, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

फॅन फक्त जोरात फिरतो, हळू फिरतच नाही, अशी तक्रार दोन स्पीडच्या गाडीत असेल तर बहुधा हळू स्पीडसाठी करंट कमी करणारा रेझिस्टर तुटलेला असतो. मोटरला लाकडी दांड्यानं हलकेच ठोकल्यावर ती सुरू झाली तर कार्बन ब्रश संपलेत.

सेन्सर तपासायला त्याचा कपलर काढून इंजिन सुरू करा. बऱ्याच गाड्यांत ईसीयू घाबरून फॅन चालू करतो, चेक लाइट पेटते. सेन्सर २० अंशाला २ ते ३ हजार ओहम आणि ९० च्या आसपास दोन-तीनशे ओहम दाखवतो. गरम होऊनही आकडा खाली येत नसेल तर सेन्सर बदला.

‘फॅन डायरेक्ट करूया’ हा सल्ला मात्र घरी पोचण्यापुरताच घ्या, तोही फ्यूज घालून. रिलेशिवाय इग्निशनवरून करंट घेतला तर चावीचा स्विच जळतो आणि मूळ दोष जागेवरच राहतो.

नवी मोटर बसवल्यावर इंजिन चालू आणि फॅन फिरत असताना पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा तुकडा धरा. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून येत असेल तर प्लस-मायनस उलटे लागलेत.