तुम्ही विचारलंत म्हणून: मी पर्समध्ये चाकू कशाला ठेवते

नाही, संरक्षणासाठी नाही. आणि वडिलांची आठवण म्हणूनही नाही.

ही दोनच उत्तरं लोकांनी माझ्यासाठी तयार ठेवलेली असतात. परवा केळवणाला मिठाईच्या खोक्याची सुतळी तोडायला चाकू काढला, तर तिथेही तेच. "सेफ्टीसाठी का गं?" मी नाही म्हटलं, की आवाज हळवा करून, "मग बाबांचा असेल." बाबांचा नाही. नऊ वर्षांपूर्वी दापोलीच्या बाजारात मी माझ्या पैशांनी घेतलाय. लाकडी मूठ, जेमतेम तीन इंचांचं मिटणारं पातं, साधं लोखंडी. ओलं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी तांबेरतं, म्हणून पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवावं लागतं. कैरीच्या चिकाने ते काळपट झालंय. स्टेनलेसचा घ्या, असा सल्लाही मिळतो. नको. याला घरच्या दगडावर दहा मिनिटांत धार येते.

बाबा रोपवाटिकेत कलमं बांधायचे. पण त्यांच्याकडे दोन चाकू असायचे, हे कुणाला माहीत नसतं. एक कलमाचा. जुलै-ऑगस्टात कोय कलमं करायची, तेव्हा कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून त्याला उभी खाच द्यायची आणि हापूसच्या काडीला पाचरीसारखा काप घेऊन ती खाचेत बसवायची. साल आणि लाकूड यांच्यामधला हिरवा पातळ थर एकमेकांना भिडला तरच जीव धरतो. काप खरबरीत झाला, की काडी वाळलीच. त्या चाकूला मी एकदा पेन्सिल लावली, तर बाबा दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "ह्यानं दुसरा काय कापायचा नाय."

दुसरा चाकू खिशातला. सुतळी, तवसं, शहाळ्याची मलई, पायातला काटा, सगळं त्याच्यावर. मी बाळगते तो या दुसऱ्या चाकूच्या जातीचा. कलमाचा चाकू बाबा गेल्यावर त्यांच्या हाताखालच्या माणसाला दिला, आणि तेच बरोबर होतं.

तर मग कशाला? सकाळी घराबाहेर पडताना तो पर्समध्ये असला, की दिवसातल्या बारीकसारीक गोष्टींसाठी मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ब्लाउजचा लोंबता दोरा, कुरिअरचं पाकीट, औषधाची न फाटणारी पट्टी. शिवाय फळ. पेरू दातांनी तोडून खाणं वेगळं आणि मांडीवर रुमाल पसरून, चार फोडी करून, शेजारणीला एक देऊन खाणं वेगळं. हे एवढंच आहे आणि मला ते पुरेसं वाटतं. तुम्हाला का वाटत नाही?

माझ्या आजीच्या चंचीत अडकित्ता असायचा. सुपारी फोडणारं ते पातं बोटही तोडेल. तिला कुणी विचारलं नाही. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात आपण कट्यार देतो, बाळाच्या उशाखाली चाकू ठेवतो. आणि पेरू कापणाऱ्या बाईला मात्र विचारतो.

आता ते सांगते, जे आजवर टाळलं. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळची कर्जत लोकल, लेडीज डबा, मला खिडकी मिळालेली. मी पेरू कापत होते. तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून दोघींची जुंपली आणि त्यातली एक मला म्हणाली, "तुम्ही जरा सरका ना, पसरून बसलाय." मी पसरून बसले नव्हते. मी तसं म्हणाले आणि म्हणताना हात उचलला. हातात चाकू होता, उघडा.

मी कुणाला धमकावलं नाही. हे वाक्य मी स्वतःशी इतक्या वेळा म्हटलंय की आता ते मलाच खोटं वाटायला लागतं. समोर कॉलेजची एक मुलगी बसली होती. ती पाठ टेकेपर्यंत मागे सरकली आणि बारीक आवाजात म्हणाली, "काकू, तो मिटा ना." अख्खा डबा गप्प झाला. मी मिटला. पातं खाचेत बसल्याचा टक् आवाज सगळ्यांना ऐकू गेला असेल. कापलेला पेरू तसाच रुमालावर राहिला.

कुणीतरी फोन केला असावा. पुढच्या स्टेशनात दोन महिला पोलीस डब्यात आल्या आणि मला उतरवून घेतलं. एका खोलीत टेबलावर माझा चाकू, डबा, छत्री मांडून ठेवली. "कशाला बाळगता?" मी म्हटलं, "फळं कापायला." त्यांनी एकमेकींकडे बघितलं. "खरं सांगा." मी पुन्हा तेच सांगितलं. कलमांचं सांगितलं, बाबांचं सांगितलं. लिहून घेणारीचं पेन हललं नाही. तासभर गेला. घरी मुलगा एकटा होता. शेवटी मी म्हटलं, "रात्री उशीर होतो, स्टेशनपासून एकटी चालत जाते. संरक्षणासाठी ठेवते."

लगेच खोलीतली हवा बदलली. थोरली म्हणाली, "मग आधी सांगायचंत ना, ताई." पाणी दिलं. समज दिली, चाकू परत दिला.

नंतर मी कायदा वाचला. 2016च्या शस्त्र नियमांमध्ये धारदार हत्यारं म्हणजे 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय, औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली. म्हणजे माझा चाकू त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951च्या कलम 37खाली मनाईचा आदेश निघाला, की सुऱ्यासुद्धा बाहेर नेता येत नाहीत. तसा आदेश असला, विमानाने जायचं असलं, की तो घरी ठेवते. हे मला मान्य आहे, यावर माझा वाद नाही.

वाद आहे तो त्या संध्याकाळच्या माझ्याशी. खरं सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही, हे कबूल. पण मुलासाठी घाई होती म्हणून खोटं बोलले की सुटकेचा रस्ता दिसला म्हणून? आणि ते खोटं तरी किती होतं? कारण त्यानंतर रात्री स्टेशनच्या पुलावरून उतरताना माझा हात पर्समध्ये जातो. आधी जात नव्हता. निदान मला आठवत नाही. बोटं मुठीवर असतात, मी ती काढून घेते, पुन्हा जातात. ती मुलगी माझ्या चेहऱ्याकडे बघून मागे सरकली की चाकूकडे बघून, तेही मला कळलेलं नाही.

म्हणून तुम्ही "सेफ्टीसाठी का?" विचारता तेव्हा मी चिडते. मी जे एकदा कबूल केलं, तेच तुम्ही पुन्हा कबूल करायला लावता.

काल बदलापूरच्या बाईकडून दोन पेरू घेतले. खिडकीही मिळाली होती. समोर शाळेतली मुलगी बसली होती, म्हणून चाकू काढला नाही. घरी येऊन ओट्याशी उभी राहून कापले. परवा मात्र काढला होता, आणि शेजारणीने फोड घेतली.