गिनी गवताचं बी धरताना: युरिया किती, आणि मुख्य म्हणजे कधी

चाऱ्यासाठी गिनी गवत वाढवणं वेगळं आणि त्याच गवताचं बी धरणं वेगळं. चाऱ्याला पाला हवा, बियाण्याला तुरे हवेत. नत्र दोन्ही वाढवतं, खरी मेख तिथंच आहे.

बी धरायचं ठरल्यावर आधी सगळं गवत एकाच वेळी, एकाच उंचीवर छाटून घेतलं. ठोंबांचं वय सारखं केल्याशिवाय खताला हात लावण्यात अर्थ नव्हता. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे हेक्टरी 100 किलो नत्रासाठी साधारण 217 किलो युरिया. हा हिशेब कुणीही करील. घोळ होता तो वेळेचा. खत हप्त्याहप्त्यानं द्यावं ही आपली जुनी सवय. मी बहुतेक वावराला पूर्ण मात्रा छाटणीनंतर लगेच दिली, जमीन वाफशावर (ना चिखल, ना कोरडी) असताना, आणि मागोमाग पाणी सोडलं. युरिया वर उघडा पडला की त्यातलं बरंच नत्र अमोनिया होऊन उडून जातं. एका पट्ट्यात मात्र मुद्दाम तीच मात्रा दोनदा विभागून दिली.

तुरे निसवायला लागले तेव्हा फरक उघड झाला. एकदम मात्रा दिलेल्या भागात तुरे दाट आले आणि बऱ्यापैकी बरोबरीनं आले. विभागलेल्या पट्ट्यात पहिल्या तुऱ्यांचं बी झडत होतं आणि खालून नवे फुटवे अजून पोटरीतच होते, म्हणजे त्यांचे तुरे पानाच्या आवरणातून बाहेरही आले नव्हते. बियाण्याचा मुख्य भार छाटणीनंतर लवकर निघालेले फुटवे उचलतात, उशिराचं नत्र बहुतेक पाल्यात जातं. त्यात गिनीच्या एकाच तुऱ्यात शेंड्याकडचे दाणे पिकून गळतात तेव्हा बुडाचे हिरवेच असतात. असं मुळातच मागं-पुढं पिकणारं गवत आपण खतानं आणखी विस्कळीत का करायचं?

मात्रा वाढवून पाहिलेला कोपरा होता, तो पावसात लोळला. पाला मात्र हेवा वाटावा असा! जनावरं खूश, बियाण्याच्या नावानं शंख. जमिनीत गंधक कमी असेल तर नुसता युरिया वाढवून फारसं साधत नाही. तिथं अमोनियम सल्फेट बरं, त्यातून 21 टक्के नत्राबरोबर गंधकही मिळतं.

कापणीची वेळ फार थोडी असते. निम्मं बी झडायच्या आतच तुरे कापले, ढीग लावून झाकले, आत जास्त गरम होऊ नये म्हणून हात घालून बघत राहिलो. तिथं दाणे देठापासून सुटतात. मग सावलीत, सावकाश वाळवण. उन्हात घाई केली की बी मरतं.

उफणल्यावर ढीग निम्म्याहून खाली बसला, पोचटच फार. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, त्यामुळे उगवण आत्ताच तपासून निकाल लावण्यात अर्थ नाही. दोन्ही भागांचे नमुने वेगवेगळे बांधून कोरड्या जागी ठेवलेत. काही महिन्यांनी उगवण बघेन, मगच पेरणीचं प्रमाण ठरवेन.