वायर की ऑइल?

सायकल घ्यायची म्हटली की रंग, गिअर, सीट सगळं चटकन ठरतं, घोडं अडतं ते ब्रेकपाशी. वायरचा डिस्क ब्रेक घ्यायचा का हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा? पुण्या-मुंबईची पोरं डोळे झाकून हायड्रॉलिक सांगतात आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नाही. शहाद्याकडून तोरणमाळला जाऊन बघा, चढताना ब्रेकला कोण विचारतो, पण उतरताना सातपुड्याची ती वळणं एकामागून एक अंगावर येतात आणि वायरवाला लिव्हर दाबून दाबून बोटं अशी आखडतात की खाली आल्यावर चहाचा कप धरवत नाही, आणि सोबतचा हायड्रॉलिकवाला एका बोटाने ब्रेक मारत आरामात गप्पा हाणत असतो. वायर आउटरच्या, म्हणजे तिच्यावरच्या नळीच्या, आत घासते, जिथे वळते तिथे थोडा जोर खाते. ऑइल दबत नाही, इकडचा दाब जसाच्या तसा तिकडे, आणि तिकडचा, चाकापाशी पॅड दाबणारा पिस्टन मोठा म्हणून जोर वाढूनच मिळतो. पॅड झिजले तरी पिस्टन आपोआप पुढे सरकतो, दर थोड्या दिवसांनी वायर ताणत बसायला नको. शिवाय आपल्याकडची काळी धूळ! ती आउटरमध्ये शिरली की लिव्हर सुटता सुटत नाही, हायड्रॉलिक सगळं बंद, धुळीला वाटच नाही.

एवढं असूनही मी वायरचाच घेतला. कारण हायड्रॉलिकने एअर धरली, लिव्हर मऊ पडला, की तालुक्याच्या गावात जायचं कोणाकडे? "तेनं तेल आठे कोठे भेटी भो?" असं म्हणत मेकॅनिक प्रेमाने मोटरसायकलचं ब्रेक ऑइल काढतो, आणि तिथेच त्याचा हात धरायचा असतो. शिमानो कंपनीच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, मोटरसायकलचं असतं डॉट, ते टाकलं की सील फुगतात, ब्रेक खलास. स्रॅम कंपनीचे बरेच ब्रेक डॉटवर चालतात, पण डॉट हवेतला ओलावा ओढतं, म्हणजे त्याच्या फळीवर कधीची फोडलेली बाटली तीही नको.

(तसं तेल आणि हायड्रॉलिकचं नातं आमच्या खान्देशाला नवीन नाही. १९४५ ला अमळनेरात वनस्पती तेलापासून सुरू झालेली विप्रो पुढे हायड्रॉलिक सिलिंडरही बनवायला लागली. माझ्या ब्रेकला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण सांगायला बरं वाटतं.)

वायर कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते, तुटायच्या आधी बऱ्याचदा एकेक तार उसवून सांगते, आणि चहा येईपर्यंत बदलून होते. आउटर मात्र चांगल्यातलं टाकायचं, तिथे पैसे वाचवू नयेत.

पुतण्या हायड्रॉलिकच घेणार म्हणतो. घे बाबा, जळगावात राहतोस, तुझं निभेल. फक्त चाक काढलेलं असताना चाळा म्हणून लिव्हर दाबू नकोस, पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत घालायला रविवार जातो.