‘वैयक्तिक काम’ या दोन शब्दांमागे

माझ्या विभागातील एका सहकारी महिलेने चार महिन्यांत अकरा वेळा अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती आणि प्रत्येक अर्जात कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक काम’ एवढेच लिहिलेले होते. मी ते सर्व अर्ज मंजूर केले, कधी काही विचारले नाही, आणि वार्षिक मूल्यमापनात मात्र ‘उपस्थिती अनियमित’ असा शेरा मारला. तो वाचून त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा कळले की त्यांच्या वडिलांचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस चालू होते, प्रत्येक खेपेस चार-एक तास जात, आणि भावाला जमत नसे त्या दिवशी त्यांना जावे लागे. “आधी का नाही सांगितलंत?” असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “मॅडम, मागच्या बैठकीत तुम्ही रात्री नऊपर्यंत थांबणाऱ्यांचं कौतुक केलंत. त्यानंतर हे कसं बोलावं, तेच कळेना.”

ते कौतुक मी सहज केले होते. दार उघडे आहे, कोणीही येऊन बोलावे, असेही मी अनेकदा म्हटले होते. पण लोकांनी लक्षात ठेवले ते कौतुक.

त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो आणि त्यातला पहिला बराच वेळ त्या दिलगिरीच व्यक्त करत होत्या. आजारपणाचे तपशील मला सांगण्याची गरज नाही, असे मी त्यांना सांगितले आणि दुपारी साडेतीननंतर त्यांच्याशिवाय कोणते काम अडते, एवढेच कागदावर मांडायला सांगितले. अडत होते ते फक्त ग्राहकांचे फोन. मग सोमवार, बुधवार व शुक्रवारी साडेसात ते साडेतीन अशी वेळ ठरली, ती लेखी नोंदवली आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बसायची तारीखही तेव्हाच लिहून ठेवली.

येथेही माझी एक चूक झाली. ते फोन मी ज्या सहकाऱ्याकडे सोपवले, त्याला मी विचारलेच नाही, फक्त कळवले. तीन आठवडे तो गप्प राहिला आणि मग त्याचे स्वतःचे काम तुंबू लागले. शेवटी तिघांना एकत्र बसवून ते फोन वाटून घेतले. एकाला दिलेली सवलत दुसऱ्याच्या वेळेतून जात असेल, तर त्या दुसऱ्या माणसाला चर्चेत सुरुवातीपासून घ्यायला हवे, हे मला तेव्हा उमजले.

काही देशांनी या संवादाला कायद्याची चौकट दिली आहे. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागण्याचा अर्ज करता येतो, वर्षातून दोनदा करता येतो, दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि कर्मचाऱ्याशी चर्चा केल्याशिवाय नकार देता येत नाही. ऑस्ट्रेलियात पात्र कर्मचाऱ्याला 21 दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. हा हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नव्हे. तरीही उत्तराची मुदत ठरलेली असणे मला फार मोलाचे वाटते, कारण ‘बघू’ या शब्दावर महिनोन्महिने ताटकळणे हे स्पष्ट नकारापेक्षा जास्त जाचक असते. मी स्वतः नंतर एकदा एका सहकाऱ्याला नकार दिला, कारण त्या कामाला ठरावीक वेळी दोन माणसे जागेवर लागतात. कारण समजल्यावर त्या सहकाऱ्याने स्वतःच पाळ्यांची अदलाबदल सुचवली आणि ती जमली.

आता दरमहा प्रत्येकाशी बोलताना, पुढच्या तीन महिन्यांत वेळेत काही बदल लागणार आहे का, हे मीच विचारते. बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. अंतिम झालेला शेरा मात्र खोडता येत नव्हता. म्हणून त्याच्याखाली, ती रजा रीतसर मंजूर केलेली होती आणि शेरा चौकशी न करता लिहिला गेला होता, अशी नोंद मी माझ्या सहीने जोडली आहे.